इंजिन केव्हा बंद पडतं? पॉवर वीडरवरून विज्ञानाच्या दोन तासिका

इयत्ता : ८ वी ते १० वी
वेळ : २ तासिका आणि एक शेतभेट
साहित्य : प्लास्टिकची बाटली, दाभण, दोन स्ट्रॉ, गोडेतेल, काचेचा ग्लास, वही



जळगाव-धुळ्याकडे पहिला पाऊस झाला, कपाशी टोचून झाली की पंधरा-वीस दिवसांत तण डोकं वर काढतं. मग शेडमध्ये वर्षभर पडून असलेला पॉवर वीडर बाहेर निघतो. दोरी ओढली की इंजिन सुरू होतं, दोन तासं धड चालत नाही तोच बंद. पुन्हा दोरी, पुन्हा बंद. आभाळ भरून आलेलं असतं, वापसा आजच असतो आणि मजूर मिळत नाही. अशा वेळी घरातला मोठा माणूस चिडतो आणि मशीनचं जे हाताला लागेल ते खोलायला घेतो. प्लग बदलतो, फिल्टर काढून फेकतो, कार्बोरेटरचे स्क्रू फिरवतो. कधी इंजिन सुरूही होतं, पण नेमकं कशानं सुरू झालं हे कुणालाच कळत नाही.

आपली मुलं हे सगळं बाजूला उभी राहून पाहतात आणि त्यातून एक पद्धत शिकतात : अंदाज करा, बदला, नशीब आजमावा. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण, अनुमान, पडताळणी असे शब्द असतात, पण ते बांधापर्यंत पोचत नाहीत. ते तिथपर्यंत नेण्यासाठी हा पाठ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ६ वी ते ८ वीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्यातला एक दिवस या पाठाला देता येईल.

आधी इंजिनाची भूक समजून घ्या

पेट्रोल इंजिनाला चालायला चार गोष्टी लागतात : इंधन, हवा, दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. निकोलाउस ओटो या जर्मन माणसाने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं. ओढा, दाबा, पेटवा, बाहेर टाका, हाच क्रम आजही चालतो. मुलांना गणित घालायला ही चांगली जागा आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल आणि दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन पेटत असेल, तर मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा पेटायला हवं. आपण "बंद पडलं" म्हणतो तेव्हा या साखळीतली एक कडी तुटलेली असते.

हवा आणि इंधनाचं प्रमाणही ठरलेलं असतं. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण कार्बोरेटर करतो. एक स्ट्रॉ पाण्यात उभी धरा आणि दुसरी तिच्या तोंडाशी आडवी धरून जोरात फुंका. उभ्या स्ट्रॉमधून पाणी वर चढतं आणि फवारा उडतो. वेगाने जाणाऱ्या हवेमुळे तिथला दाब कमी होतो, हेच कार्बोरेटरचं तत्त्व. फक्त तिथे स्ट्रॉच्या जागी पितळेची जेट असते आणि तिचं भोक अनेकदा १ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. ते किती सहज तुंबेल, हे मुलं आपणहून सांगतील.

'काय बिघडलं?' नको, 'केव्हा बंद पडलं?' विचारा

पाठाचा गाभा हाच. "काय बिघडलं?" याला उत्तर म्हणून फक्त अंदाज येतात. "केव्हा बंद पडलं?" याला निरीक्षण लागतं. मुलं घरी अहिराणी बोलत असतील तर "कव्हय बंद पडस?" असंच विचारू द्या. वहीत पाच रकाने आखायला सांगा : किती मिनिटांनी बंद पडलं, तेव्हा रिकामं चालत होतं की मातीत, चोक कुठे होता, धूर कसा होता, परत किती वेळाने सुरू झालं. आता एकेक प्रकार पाहू.

१) चोक ओढलेला असेपर्यंत चालतं, चोक उघडला की बंद. चोक हवा कमी करतो. हवा कमी केल्यावरच चालत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, हा सरळ तर्क आहे. संशय जेटवर. वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि चिकट थर मागे राहतो. तळणाच्या कढईला बसणारा थर मुलांना माहीत असतो, तसंच हे.

२) रिकामं छान चालतं, मातीत घातलं की गुदमरतं. ताकद लागते तेव्हा हवा आणि इंधन दोन्ही जास्त लागतं. धूर काळा असेल तर हवा कमी पडतेय : एअर फिल्टर पाहा, आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो. धूर नसेल आणि चोक अर्धा ओढल्यावर सुधारत असेल, तर पुन्हा जेटच.

३) बांधावर तिरकं झालं की बंद. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. पातळी काठावर असली की मशीन कलताच तो इंजिन थांबवतो. हा बिघाड नाही, इशारा आहे. इंजिन सपाट जागी ठेवून ऑइल तपासा.

४) दहा-पंधरा मिनिटं उत्तम चालतं, मग बंद, थोडा वेळ थांबलं की परत सुरू. हा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून याला वेळ द्या. इथे संशयित दोन आहेत आणि लक्षण एकच.

पहिला संशयित टाकीचं झाकण. त्याला हवा आत जायला एक बारीक वाट असते. ती धुळीने बुजली की पेट्रोल खाली उतरत जातं, पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही. वर्गात हे दाखवता येतं. बाटलीच्या बुडाजवळ दाभणाने एकच बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. धार बारीक होत होत थांबते. झाकण सैल केलं की धार पुन्हा सुरू. बाटली मात्र दाबायची नाही. टाकीतही असंच होतं, आणि इंजिन थांबल्यावर हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून ते थोड्या वेळाने परत सुरू होतं.

दुसरा संशयित ठिणगी तयार करणारी कॉइल. काही खराब कॉइल थंड असताना काम करतात, तापल्या की ठिणगी देत नाहीत, निवल्या की पुन्हा देतात.

आता मुलांना विचारा, या दोघांत फरक कसा करायचा? थोडा वेळ गप्प बसा, उत्तर देऊ नका. बरीच मुलं "झाकण बदलून बघू, कॉइल पण बदलून बघू" म्हणतील. दोन्ही एकदम बदललं तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही. बंद पडल्या पडल्या, थांबून न राहता, फक्त झाकण सैल करून परत लावायचं आणि दोरी ओढायची. लगेच सुरू झालं तर झाकण. नाही झालं तर मिस्तरीने गरम असतानाच ठिणगी तपासायची. गरमपणी ठिणगी नाही आणि निवल्यावर आहे, तर कॉइल. एका वेळी एकच बदल : मुलांनी या पाठातून एवढं नेलं तरी पुरे.

पेट्रोलमधलं पाणी

गोडेतेल आणि पाणी एका ग्लासात ओता. पाणी खाली बसतं. पेट्रोलही पाण्यापेक्षा हलकं, म्हणून टाकीत गेलेलं पावसाचं पाणी तळाशी बसतं, आणि कार्बोरेटरकडे जाणारी नळी बहुधा तळाशीच असते. १० वीच्या मुलांना पुढची पायरी सांगा. देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं. इथेनॉल पाण्यात मिसळतं आणि हवेतली ओलही धरतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि खाली बसतो. म्हणून पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नये. जुन्या मशीनला कोणतं पेट्रोल चालतं, ते तिच्या पुस्तिकेत पाहावं.

सुरक्षा : यात सवलत नाही

वर्गात पेट्रोल आणायचं नाही. शेतभेटीत मशीनला हात मोठ्यांनी किंवा मिस्तरीने लावायचा. मुलं पाहतील, विचारतील, लिहितील. पात्यांजवळ हात नेण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढून ठेवायची. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही, आणि ठिणगी तपासताना टाकीचं झाकण घट्ट लावलेलं हवं. बंद शेडमध्ये इंजिन चालवायचं नाही : धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. फवारणी पंपाचं इंजिन या पाठासाठी घेऊ नका, त्यावर औषधाचा अंश असतो.

घरी करायचं काम

थंड देशांत बर्फ हटवणारी छोटी यंत्रं असतात. ती उन्हाळाभर पडून राहतात आणि पहिल्या बर्फाला अशीच रुसतात. आपली यंत्रं दिवाळीपासून पडून राहतात आणि मृगाला रुसतात. ऋतू उलटे, कारण तेच. म्हणून पालकांनो, हंगाम संपला की मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर, टाकी रिकामी करा. मग उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. तारीख लिहून चिठ्ठी मशीनला बांधायचं काम मुलाकडे द्या. आखाजीला सगळे घरी असतात, तेव्हा ताजं पेट्रोल घालून एकदा सुरू करून पाहा. काही अडलंच तर दुरुस्तीला हातात वेळ असतो.

शिक्षक मित्रांनो, गुण देताना "कॉइल खराब" या बरोबर उत्तराला कमी आणि पाच रकाने नीट भरलेल्या वहीला जास्त द्या. ती वही घेऊन मूल मिस्तरीकडे गेलं की "बंद पडतं" एवढंच सांगणार नाही. "बारा मिनिटांनी बंद पडतं, झाकण सैल करून फरक पडत नाही, निवलं की सुरू होतं," असं सांगेल. मिस्तरीचं अर्धं काम तिथेच होतं आणि वडिलांचे नको त्या सुट्या भागांचे पैसे वाचतात. तुमच्या गावच्या मशीनवर हा पाठ घेतलात, तर मुलांच्या वहीत कोणता सहावा रकाना आला ते जरूर कळवा.