विद्युत्स्पंदातून शब्द : कॉक्लिअर इम्प्लांट आणि मेंदूचे शिक्षण

दादर स्थानकाच्या पुलावर सायंकाळी उभे राहिल्यास मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांवरील गाड्यांचा खडखडाट, उद्घोषणा आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या एकाच वेळी कानावर आदळतात. तरीही सोबतच्या माणसाचे बोलणे आपण त्यातून वेचून घेतो. हे काम एकट्या कानाचे नव्हे. त्यात मेंदूचा वाटा मोठा आहे. म्हणूनच बधिर बालकाच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसविले की ते ऐकू लागते, हा सर्वसाधारण समज अपुरा ठरतो. यंत्र संदेश पोहोचविते. त्याचा अर्थ लावण्यास मेंदूला शिकावे लागते, आणि या शिकण्याला वयाचे बंधन असते.

निरोगी कानात ध्वनिलहरी अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत पोहोचतात. तेथील सुमारे 3,500 आंतरिक केशपेशी त्यांचे रूपांतर विद्युत्संदेशांत करतात आणि सुमारे 30,000 तंतूंची श्रवणतंत्रिका ते मेंदूकडे नेते. नलिकेच्या तोंडाशी उंच स्वर आणि आतल्या टोकाशी खर्जाचे स्वर, अशी पेटीच्या पट्ट्यांसारखी तेथे मांडणी असते. जन्मजात बधिरतेत बहुधा केशपेशी निकामी असतात, तंत्रिका मात्र शाबूत असते. इम्प्लांट या गोष्टीचाच लाभ घेते. कानामागील यंत्र आवाजाचे उंच-नीच पट्टे वेगळे करते आणि नलिकेत सरकविलेल्या 12 ते 22 विद्युत् अग्रांमार्फत त्या त्या जागी सूक्ष्म विद्युत्स्पंद देते. त्यामुळे 'स'ची शीळ तोंडाजवळच्या अग्रांवर उमटते. 'ई' व 'ऊ' यांतील भेदही कोणती अग्रे चेतविली गेली यावरून कळतो.

तंत्रिकेचा प्रतिसाद

स्पंद मिळताच तंतू एक सहस्रांश सेकंदाच्या आत प्रतिसाद देतात. हा प्रतिसाद तीच अग्रे टिपू शकत असल्याने शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तंत्रिका जागी आहे की नाही हे पाहता येते. परंतु विजेने चेतविलेली तंत्रिका ध्वनीने चेतविलेल्या तंत्रिकेसारखी वागत नाही. निसर्गतः ऐकू येणारा अगदी मंद आवाज आणि असह्य आवाज यांत सुमारे 120 डेसिबलांचे अंतर असते. विजेच्या बाबतीत ते 10 ते 20 डेसिबलांवर येते. सारे जग या अरुंद पट्ट्यात बसवावे लागते. यासाठी प्रत्येक अग्राची खालची व वरची मर्यादा ठरविली जाते. या कामाला मॅपिंग म्हणतात आणि ते एकदा करून भागत नाही. शिवाय द्रवाने भरलेल्या नलिकेत वीज आजूबाजूला पसरते व शेजारची अग्रे एकमेकांत मिसळतात. अमेरिकेतील ब्लेक विल्सन व सहकाऱ्यांनी 1991 मध्ये अग्रांना एकाच वेळी न चेतविता एकामागोमाग चेतविण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून बोलणे पुष्कळच स्पष्ट कळू लागले. तथापि गाण्याची चाल आणि गोंगाटातील संभाषण आजही अवघडच जाते. अंगाईचा ठेका बालकाला कळतो, सूर तितका कळत नाही.

मेंदूचे वेळापत्रक

आवाज झाल्यावर मेंदूच्या श्रवणकेंद्रात उमटणारी पहिली मोठी लहर नवजात बालकात सुमारे 300 सहस्रांश सेकंदांनी येते; ऐकण्याच्या सवयीने ती तिसऱ्या वर्षापर्यंत 125 च्या आसपास उतरते. अनू शर्मा व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या बालकांत ही लहर काही महिन्यांतच वयानुरूप होते. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेकांत ती मागेच राहते. ध्वनी न मिळालेले श्रवणकेंद्र रिकामे बसत नाही. दृष्टी व स्पर्श त्याचा ताबा घेऊ लागतात. खूण भाषा शिकविल्याने मूल बोलणार नाही, ही भीती मात्र अनाठायी आहे. कोणतीच भाषा न मिळणे हीच खरी हानी होय.

मुंबईत या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांना 2014 मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. वांद्रे येथे 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था केंद्र शासनाच्या एडिप योजनेतील इम्प्लांटचे काम पाहते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरतेची तपासणी अंतर्भूत आहे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व प्रशिक्षण, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. प्रत्यक्षात "मुलगा आहे, उशिरा बोलेल" या घरच्या समजुतीत दोन वर्षे सहज निघून जातात. थाळी वाजवून मान वळली म्हणजे कान ठीक, हेही खरे नाही. थाळीचा आवाज मोठा असतो, आणि मूल हाताची हालचाल पाहूनही वळते. शंका आलेल्या मुलाला अंगणवाडीतून थेट जिल्हा रुग्णालयाकडे पाठविणे ग्रामपंचायत सदस्यांना शक्य आहे.

शस्त्रक्रियेनंतर साधारणतः तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू होते. पहिल्या दिवशी मूल दचकते किंवा रडते, क्वचित काहीच करीत नाही. त्यानंतर वाणी-प्रशिक्षण दीर्घकाळ चालते आणि त्याचा मोठा भाग घरी, आईच्या बोलण्यातून घडतो. असे मूल शाळेत आल्यास त्याला पुढच्या बाकावर, खडखडणाऱ्या पंख्यापासून दूर बसवावे. फळ्याकडे तोंड करून शिक्षकांनी बोललेले वाक्य त्याच्यापर्यंत बहुधा पोहोचत नाही.