रिकाम्या खाणीचे धन

इंग्लंडमधील डडली शहरात रेन्स नेस्ट ही टेकडी आहे. तिच्यातील चुनखडी लोखंडाच्या भट्ट्यांसाठी दीर्घकाळ उपसली गेली. खाणकाम थांबल्यावर पोखरलेले कडे व भुयारे मागे उरली. त्या पडीक जागेचे मोल आपण येथे समजून घेऊ.

ही चुनखडी ४२ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचली. प्रवाळ, शिंपले व ट्रायलोबाइट तिच्यात अश्मरूपाने टिकून आहेत. पुढे भूकवचातील दाबाने थर तिरपे झाले. म्हणून समुद्रतळावरील लाटांच्या खुणा आज तीव्र उताराच्या कड्यावर दिसतात. खाण खोदली नसती, तर त्या झाकलेल्याच राहिल्या असत्या.

भुयारांत वटवाघळे हिवाळा काढतात. उथळ, निकस मातीत दांडगे गवत माजत नाही. त्यामुळे नाजूक ऑर्किडला जागा मिळते. १९५६ मध्ये भूशास्त्रीय महत्त्वामुळे या टेकडीला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

जीवाश्म पुन्हा उगवत नाहीत; हातोड्याने फोडलेला कडा पूर्ववत होत नाही. आपल्या गावाकडील बंद दगडखाण कचऱ्याने भरण्यापूर्वी तेथे काय उघडे पडले आहे, कोण वस्तीला आले आहे, हे आपण मुलांसह एकदा अवश्य पाहावे.