घाटात गाड्या वाजतातच, असं कोणी म्हणालं तर

अगं, साताऱ्याहून गाडी सर्व्हिसिंग करून आणलीस तेव्हापासून पुढच्या डाव्या चाकाशी काहीतरी घासतंय, आणि गॅरेजवाला म्हणतो, "मॅडम, घाटातल्या गाड्या वाजतातच." हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. वाजतातच, तर मग गाडी त्याच्याकडे टाकण्याआधी का वाजत नव्हती? एवढंच विचार त्याला. यंत्रातलं तुला कळत नसेना का, रोज तीच गाडी चालवतेस. तिचा आवाज तुझ्याइतका कोणाला माहीत असणार?

आधी एक काम कर. चाकं काढली होती ना? मग नट पान्याने घट्ट बसलेत का, ते आजच्या आज कोणाकडून तरी बघून घे. ते झालं की सपाट रस्त्यावर काचा खाली करून, गाणी बंद करून हळू चालव. ब्रेक लावल्यावर आवाज थांबतो की वाढतो? पॅड बदलताना डिस्कमागचा पत्रा जरा वाकला किंवा मध्ये खडा अडकला, तर चाक फिरेल तसं घासत राहतं. तुझं बहुधा तेच असावं. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आली तर ॲक्सलचा जॉइंट बघायला सांग, वेगाबरोबर घूंऽऽ वाढत गेलं तर बेअरिंग. कधीकधी इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर क्लिपा न लावता तसंच सोडलेलं असतं. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो आणि सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, त्याला मात्र घाबरू नकोस. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेव.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने सांगतेय, कारण तू राहतेस महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटांवर. वाईला जायचं तर पसरणीचा घाट, पोलादपूरला आंबेनळी, मेढ्याकडे केळघर. कुठेही जायचं म्हटलं तरी आधी उतार. उतारावर ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि महाबळेश्वरच्या धुक्यापावसात ओलाव्याला काय तोटा! तसलं जुनं तेल तापून उकळलं की पेडल मऊ पडतं, दाबलं तरी गाडी धरत नाही. म्हणून बिलात ब्रेक ऑइलची ओळ शोध. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचा फवारा असलं सगळं लावलं असेल आणि तेच नसेल, तर पैसे कुठे गेले ते तुझं तुलाच समजेल. वेळच्या वेळी तेल बदललेल्या गाडीला दरवेळी इंजिन फ्लश लागत नाही.

आता गाडी परत नेशील तेव्हा "आवाज येतोय, बघा" एवढ्यावर सोडू नकोस. मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मार, त्याच्या कानांनी ऐकू दे. मग जॉब कार्डवर लिहून घे: पुढचं डावं चाक, सर्व्हिसिंगनंतर घासण्याचा आवाज, अमुक किलोमीटर. खाली सही, आणि एक प्रत तुझ्याकडे. नवा पार्ट टाकायचा म्हणाला तर आधी एस्टिमेट, नंतर जुना पार्ट आणि नव्याचं खोकं हातात. जुना पार्ट मागायला लाजू नकोस गं, तो तुझ्याच पैशाचा आहे. "साहेबांना पाठवा" म्हणाला तर शांतपणे सांग, गाडी मी चालवते, माझ्याशीच बोला.

त्याच्याच कामातली चूक निघाली तर दुरुस्तीचे पैसे देऊ नकोस. दुसऱ्या मेकॅनिकचं मत घे, तेही लेखी. एवढं करूनही ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन कर. त्यानेही भागलं नाही, तर साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष सेवेची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील नसला तरी चालतं. बिल, जॉब कार्ड आणि ते रेकॉर्डिंग जपून ठेव.

आवाजाचा छडा लागेपर्यंत मुलांना घेऊन घाट उतरू नकोस. रविवारी वाईला यायचंच असेल तर एसटीने ये, मी स्टँडवर घ्यायला येते.