रडार आणि ध्रुवीय हिमकण

ध्रुवप्रदेशात ऐन उन्हाळ्यात, ८० ते ९० किलोमीटर उंचीवर, तपमान सुमारे उणे १४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते, हे त्याचे कारण. तेथील पाण्याच्या वाफेपासून मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान हिमकण बनतात. अलास्कातील पोकर फ्लॅट येथील रडारला १९७९ साली या थरातून प्रबळ प्रतिध्वनी मिळाले. सुमारे ६ मीटर लांबीच्या रेडिओलहरी इतक्या सूक्ष्म कणांवरून परततील कशा? वस्तुतः त्या परततात इलेक्ट्रॉनांच्या दाट-विरळ रचनेवरून. हिमकण इलेक्ट्रॉन पकडून ऋणभारित होतात. त्यामुळे उरलेल्या इलेक्ट्रॉनांचे विसरण मंदावते आणि हवेच्या खळबळीने घडविलेली ती रचना टिकून राहते. प्रतिध्वनी ही हिमकणांची प्रतिमा नव्हे, खूण होय. म्हणूनच प्रतिध्वनी नाही, यावरून हिमही नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.