कोरफड-हळदीची क्रीम: आधी वाक्य ठरवा, मग डबी भरा



मागच्या व्हिडिओत आपण घरगुती क्रीमचं पॅकिंग आणि दर कसे काढायचे ते बघितलं. त्यानंतर धाराशिव जिल्ह्यातून एकच प्रश्न फिरून फिरून आला: "सर, आमच्याकडं कोरफड आहे, बांधावर कडुनिंब आहे, हळद तर घरातच आहे. याची क्रीम करून विकता येईल का?"

येईल. पण त्याआधी एक घडलेली गोष्ट ऐका.

तुळजापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई माझ्या वर्गात होत्या. कोरफडीचा गर, हळद आणि निंबोळीचं तेल घालून त्यांनी क्रीम केली आणि साठ डब्या भरून प्रदर्शनात स्टॉल लावला. एका आईनं विचारलं, "लेकराच्या मांडीवर नायटा उठलाय, ह्यानं जाईल का?" ताई म्हणाल्या, "लावून तर बघा, कडुनिंब आहे त्यात. साईड इफेक्ट काही नाही." पंधरा दिवसांनी ती आई पत्ता शोधत घरी आली. डॉक्टरांचं मलम बंद करून तिनं हीच क्रीम लावली होती. चट्टा पसरला होता आणि धाकट्या बहिणीलाही नायटा उठला होता. आई भांडली नाही. नुसती डबी ओट्यावर ठेवून गेली.

ताई मला म्हणाल्या, "सर, मी खोटं नाही बोलले हो. मला खरंच तसं वाटत होतं."

हाच आजचा धडा. ताईंनी क्रीम मनापासून केली होती. चूक झाली ती एका वाक्यात. "मला वाटतं" आणि "मी तपासलंय" यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते पार करायचं काम म्हणजेच हा धंदा.

१. तुमचं वाक्य तुमचा रस्ता ठरवतं

आपल्याकडं १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. त्यात साधा फरक आहे. त्वचा स्वच्छ ठेवणं, मऊ ठेवणं, छान दिसणं यासाठी जे लावतो ते सौंदर्यप्रसाधन. रोग बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी जे लावतो ते औषध. डबीत काय आहे एवढंच बघितलं जात नाही, तुम्ही काय सांगून विकता तेही बघितलं जातं. ही तीन वाक्यं वाचा:

- "त्वचा मऊ ठेवते." हे सौंदर्यप्रसाधनाचं वाक्य. यासाठी सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाकडून, म्हणजे एफडीएकडून, उत्पादन परवाना लागतो.
- "नायटा, खरूज घालवते." हे औषधाचं वाक्य. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर परवाना वेगळा, कारखान्याचे नियम वेगळे, तज्ज्ञ माणूसही वेगळा.
- "कोड मुळापासून बरं करते." अशी जाहिरातच करता येत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत कोड आहे.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते आपल्याच माणसाच्या उदाहरणावरून बघा. केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत विको सुरू केली. त्यांची हळद-चंदनाची क्रीम आपण सगळ्यांनी बघितली आहे. ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून अबकारी खात्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षं चालला, कारण दोन्हींवरचा कर वेगळा होता. शेवटी डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल विकोच्या बाजूनं लागला: हे आयुर्वेदिक औषधच. एवढ्या मोठ्या कंपनीला "आपण नेमके कोण" हे कोर्टापर्यंत जाऊन सिद्ध करावं लागलं. आपण निदान पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवू.

माझा सल्ला: पहिली दोन-तीन वर्षं सौंदर्यप्रसाधनाच्याच रस्त्यानं चला. आणि स्टॉलवर नायट्याचं कुणी विचारलं तर उत्तर पाठ करून ठेवा: "ताई, ही त्वचा मऊ राहायची क्रीम आहे. नायट्याला डॉक्टरांना दाखवा, त्यांचं औषध मध्येच सोडू नका." एक गिऱ्हाईक जाईल, पण नाव राहील.

२. "आजीपासून चालत आलंय" हा पुरावा कितपत?

यावर हळदीच्या पेटंटची गोष्ट सांगतो. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. नुसतं "आमच्या आज्या लावायच्या" म्हणून भागणार नव्हतं. संस्थेनं जुने ग्रंथ आणि छापील लेख असे ३२ संदर्भ शोधून दिले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली: जे लिहिलेलं असतं तेच टिकतं. दुसरी गोष्ट लोक विसरतात. पेटंट ऑफिसनं एवढंच मान्य केलं की हा उपयोग नवा नाही. "तुमच्या डबीतल्या हळदीनं जखम भरते" असं प्रमाणपत्र कुणी दिलेलं नाही. आजीची हळद वेगळी, तुमच्या क्रीममधली अर्धा टक्का हळद वेगळी. तुमची डबी तुम्हालाच तपासावी लागेल.

३. अर्क काढताना होणाऱ्या चुका

हळद. कुंकू कसं होतं, माहीत आहे ना? हळदीला चुना किंवा टाकणखार लागला की ती लाल होते. तुळजापूरला आई भवानीच्या दर्शनाला जाताना दुतर्फा कुंकवाचे ढीग दिसतात, त्याच्या पारंपरिक कृतीमागं हीच रसायनाची करामत. आता विचार करा, साबण क्षारधर्मी असतो. त्यात हळद घातली की पिवळा साबण तांबूस-तपकिरी का होतो, ते इथं कळतं. शिवाय हळदीतलं मुख्य द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात किंवा अल्कोहोलमध्ये उतरतं, आणि उजेडात खराब होतं. म्हणून हळद उकळून ते पाणी क्रीममध्ये घालण्यात फारसा अर्थ नाही, आणि पारदर्शक डबी तर नकोच. सुटी हळद पावडर घेऊ नका. रंगासाठी तिच्यात लेड क्रोमेटसारखी विषारी भेसळ होऊ शकते. हळकुंड आणा, स्वतः दळा.

कोरफड. पान कापल्यावर पिवळा चीक निघतो. त्यानं खाज सुटू शकते, पुरळ येऊ शकतं. पान उभं ठेवून चीक पूर्ण निथळू द्या, मग धुऊन गर काढा. गरात ९८-९९ टक्के पाणीच असतं. म्हणजे तो जंतूंसाठी जेवणाचं ताट आहे. प्रिझर्व्हेटिव्हशिवाय कोरफडीची क्रीम टिकत नाही. "नो केमिकल" लिहिण्याच्या हट्टापायी बुरशी विकू नका. आणि प्रिझर्व्हेटिव्ह निवडताना पीएच बघा. सोडियम बेंझोएट आम्लधर्मी क्रीममध्येच नीट काम करतं, पीएच ५ च्या वर गेला की त्याचा जोर कमी होतो.

कडुनिंब. निंबोळीचं तेल उग्र असतं, वासानंही आणि त्वचेवरही. थोड्यापासून सुरुवात करा. तेल कोणत्या घाण्याचं, कोणत्या महिन्यातलं, हे वहीत लिहा. पुढच्या वर्षी वास बदलला तर कारण तिथंच सापडेल.

४. तपासणी: पाच पायऱ्या, याच क्रमानं

पहिली पायरी, कोरा नमुना. प्रत्येक वेळी दोन क्रीम करा. एकात तुमचा अर्क, दुसऱ्यात अर्क सोडून बाकी सगळं तसंच. हे का? कारण तेल-मेणाची कुठलीही क्रीम लावली की त्वचा मऊ होतेच! त्याचं श्रेय हळदीला द्यायचं की मेणाला, हे कोऱ्या नमुन्याशिवाय कळणार नाही.

दुसरी पायरी, टिकाऊपणा. तीन डब्या ठेवा: एक फ्रिजमध्ये, एक कपाटात, एक ४० अंशांच्या उष्णतेत. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या दुकानात यापेक्षाही जास्त तापतं, म्हणून ही डबी सगळ्यात महत्त्वाची. तीन महिने दर आठवड्याला रंग, वास, पीएच लिहा, आणि पाणी सुटलं का ते बघा. क्रीम फुटली तर ती तुमच्या घरात फुटलेली बरी, गिऱ्हाइकाच्या घरात नको.

तिसरी पायरी, प्रयोगशाळा. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये जंतूंची संख्या आणि जड धातू तपासून घ्या. त्वचेच्या क्रीमला एका ग्रॅममध्ये जंतू १००० पेक्षा जास्त नकोत. शिसं दहा लाखात २० भागांच्या आत आणि अर्सेनिक २ भागांच्या आत हवं. चॅलेंज टेस्टबद्दलही विचारा. त्यात क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडून २८ दिवस बघतात, की प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना मारतंय का.

चौथी पायरी, पॅच टेस्ट. ही त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा. क्रीम त्वचेच्या छोट्या भागावर पट्टीखाली २४ तास ठेवतात आणि लालसरपणा, खाज बघतात. लहान मुलं, गरोदर बायका, आधीच त्वचेचा आजार असलेले लोक यात घेऊ नका. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्याकडं २०१४ पासून बंदी आहे, तो विचारही नको.

पाचवी पायरी, दोन हातांची परीक्षा. आधीच्या चारही पायऱ्या पास झाल्या तरच ही करा. तयार असलेल्या २० बाया घ्या, सगळं समजावून सांगून लेखी संमती घ्या. प्रत्येकीला दोन डब्या द्या, "क" आणि "ख". एकीत अर्काची क्रीम, दुसरीत कोरी. एक डबी डाव्या हातासाठी, एक उजव्या. निम्म्या बायांना अर्क डाव्या हाताला, निम्म्यांना उजव्या. कुठल्या डबीत काय, हे त्यांनाही माहीत नको आणि विचारणाऱ्यालाही नको. यादी तिसऱ्याच माणसाकडं बंद पाकिटात. पंधरा दिवसांनी एकच प्रश्न: "कुठला हात जास्त मऊ वाटतो?"

आता निकाल वाचायला शिका. २० पैकी १२ जणींनी अर्काचा हात सांगितला तर नाचू नका. नाणं २० वेळा उडवलं तर १२ किंवा जास्त छाप चारातून एकदा नुसत्या योगायोगानं पडतात. १५ किंवा जास्त जणींनी सांगितलं तर गोष्ट वेगळी, कारण योगायोगानं तसं होण्याची शक्यता साधारण २ टक्केच असते. मग छातीठोकपणे म्हणा, "आमच्या क्रीमनं हात मऊ होतात, आणि त्यात आमच्या अर्काचा वाटा आहे." पण तेवढंच. यावरून नायटा, डाग, मुरूम यांवर एक शब्दही बोलता येत नाही.

५. पैसा कुठल्या क्रमानं घालायचा?

बहुतेक जण आधी लेबल छापतात, हजार डब्या आणतात आणि लॅबचा खर्च शेवटी टाळतात. आपण उलटं करू. पहिल्या दोन पायऱ्या घरात होतात. पीएच पट्ट्या, चांगला वजनकाटा आणि वही, बास. कृती पक्की होईपर्यंत लॅबला एक रुपया देऊ नका, कारण एक घटक बदलला की तपासणी परत करावी लागते. कृती पक्की झाली की लॅब. लॅब पास झाली की परवाना. लेबल सगळ्यात शेवटी. त्यावर बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं, परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी हवीच. परवाना मिळेपर्यंत एकही डबी विकायची नाही, ओळखीत सुद्धा नाही.

स्वतःची जागा आणि यंत्रं परवडत नसतील तर लोन लायसन्सचा मार्ग आहे. म्हणजे ज्यांच्याकडं परवानाधारक कारखाना आहे, त्यांच्याकडं तुमच्या नावानं माल करून घ्यायचा. एकट्या गटाला हे जड जातं. तीन-चार गट एकत्र आले तर जमतं.

त्या ताईंचं पुढं काय झालं, हे विचारालच. त्यांनी उरलेल्या डब्या पुरून टाकल्या आणि त्या आईच्या घरी जाऊन लेकराला परत डॉक्टरांकडं नेलं. मग नवी वही घातली. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय: "ही क्रीम काय करत नाही." खाली यादी आहे: नायटा, खरूज, कोड, मुरूम. दुसऱ्या पानापासून बॅच सुरू. सध्या त्यांची चौथी कृती ४० अंशांच्या डबीत आहे. दोन महिने झाले, अजून फुटलेली नाही.

गृहपाठ: आज क्रीम करू नका. वहीत तीन वाक्यं लिहा. माझी क्रीम काय करते? काय करत नाही? आणि पहिलं वाक्य मी कसं तपासणार? तिसरं वाक्य लिहिता आलं नाही, तर पहिलं खोडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात बॅच रजिस्टर कसं आखायचं ते फळ्यावर करून दाखवतो. वही-पेन घेऊन बसा!