गिधाड आणि माळढोक : संकट सारखे, उपाय वेगळे

गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की थोड्याच वेळात गिधाडे उतरत, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. आज ती दिसत नाहीत. माळरानावरचा माळढोकही असाच दुर्मिळ झाला आहे.

या दोन पक्ष्यांचे नाते नाही. गिधाड घार-गरुडांच्या गोतातले, तर माळढोक तणमोराचा भाऊबंद. तरीही पांढऱ्या पाठीचे गिधाड २००० साली आणि माळढोक २०११ साली जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरले. दोघांची मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

गिधाड : १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना वेदना व सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे त्याचे मुख्य कारण. औषध दिलेले जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये, तर केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली.

माळढोक : हा जमिनीवरच अंडे घालतो, टोळ, भुंगेरे व धान्य खातो. माळ नांगरले गेले, शिकार झाली, कुत्र्यांचा उपद्रव वाढला. त्याला समोरचे नीट दिसत नसल्याने तो विजेच्या तारांवर आदळतो. सोलापूरजवळील नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, पण आज तेथेही त्याचे दर्शन दुर्मिळ आहे. देशात उरलेले सुमारे दीडशे पक्षी बहुतांशी राजस्थानात आहेत.

म्हणजे गिधाडाचा धोका गोठ्यातून येतो, माळढोकाचा जमिनीच्या वापरातून. म्हणून उपायही वेगळे करावेत :

१. जनावरांना माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक टोचू नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मेलॉक्सिकॅम वापरावे. ते गिधाडांना सुरक्षित आहे.

२. बंदी असलेले औषध दिलेले जनावर मेल्यास उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.

३. गिधाडांच्या घरट्यांची उंच झाडे तोडू नयेत.

४. जिंतूर, गंगाखेडकडील गायरान व माळ ‘पडीक’ समजून सरसकट नांगरू नयेत. दाट वृक्षलागवडही तेथे करू नये. गवताळ माळ जनावरांना चारा देतो आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना आसरा.

५. पावसाळ्यात, विणीच्या काळात, माळावर मोकाट कुत्री सोडू नयेत.

दोन्ही पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पण इंजेक्शन कोणते द्यायचे आणि नांगर कोठे थांबवायचा, हे आपल्याच हाती आहे.