दान, कीर्ती आणि स्वार्थ : एक अभ्यासपाठ

मनुष्याची प्रत्येक कृती अखेर स्वार्थातूनच घडते काय, हा प्रश्न जितका पुरातन, तितकाच वसतिगृहात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या जवळचा आहे. जो विद्यार्थी इतरांच्या दानावर उभ्या राहिलेल्या संस्थेत जेवतो, निजतो आणि शिकतो, त्याला केव्हा ना केव्हा कोणीतरी सांगतेच की, देणाऱ्यांनी काही तुझ्यासाठी दिले नाही. कोणाला नाव हवे होते, कोणाला पुण्य, तर कोणाला मनाचे समाधान. हे विधान खरे असेल, तर कृतज्ञतेला अर्थ उरत नाही आणि पुढे आपणही काही द्यावे याला आधार राहत नाही. म्हणून त्याची शांतपणे तपासणी करणे अगत्याचे आहे.

प्रथम आपल्याच जिल्ह्यातील एक पुरावा पाहू. शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याचे २६ क्रमांकाचे चैत्यगृह पाचव्या शतकात भिक्षू बुद्धभद्र याने कोरविले. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज हा त्याचा स्नेही. त्याच्या स्मरणार्थ हे कार्य झाले. तेथील संस्कृत शिलालेखात दोन गोष्टी शेजारी शेजारी आढळतात. एके ठिकाणी म्हटले आहे की, जगात कीर्ती टिकते तोवर मनुष्य स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक डोंगरात करावे. दुसऱ्या ठिकाणी या कार्याचे पुण्य इतरांना आणि सर्व जगाला मिळावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. कीर्तीची अभिलाषा आणि परहिताची कामना एकाच भिंतीवर, एकाच लेखात नांदत आहेत. स्वार्थवादी पहिल्या वाक्याकडे बोट दाखवील. पण म्हणून दुसरे वाक्य खोटे ठरते काय? एका कृतीमागे अनेक हेतू असू शकतात. त्यांपैकी एक हेतू स्वतःविषयीचा आहे, एवढ्यावरून सर्वच हेतू तसे आहेत, हा निष्कर्ष निघत नाही.

यावर स्वार्थवादी म्हणतो की, परहिताची इच्छाही शेवटी आपलीच इच्छा असते. ती पूर्ण झाली की आनंद आपल्यालाच होतो. येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. इच्छा माझी असणे वेगळे आणि इच्छा माझ्याविषयी असणे वेगळे. प्रत्येक इच्छा कोणाच्या तरी मनातच उपजणार. त्यामुळे ती स्वार्थी ठरत नाही. ती कशाविषयी आहे, हे पाहावे लागते. समाधानाचेही तसेच आहे. आपल्या शाळेचा संघ जिंकला की आपण आनंदतो, कारण शाळा जिंकावी असे आपल्याला आधीपासून वाटत असते. ज्याला खेळाचे सोयरसुतक नाही, त्याला तो आनंद होत नाही. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जोसेफ बटलर यांनी १७२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत याच धर्तीचा युक्तिवाद केला होता. परहिताची ओढ आधी, समाधान नंतर. फळालाच बीज मानणे योग्य नव्हे.

आता एक कठीण उदाहरण घेऊ. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली असता सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांच्या शुश्रूषेचे काम केले. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हाही स्वार्थच, असे कोणी म्हणू शकेल. पण मग दुष्काळात धान्य दडवून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्या साठेबाजासही तोच शब्द लावावा लागेल. ज्या शब्दाने या दोघांतील भेद दाखविता येत नाही, तो शब्द निरुपयोगी झाला. कोणत्याही उदाहरणाने खोटा पडू शकत नाही असा सिद्धान्त मनुष्यस्वभावाचा शोध नसतो. ती केवळ शब्दाची नवी व्याख्या असते.

आधुनिक मानसशास्त्राने हा प्रश्न प्रयोगाने तपासला. अमेरिकेतील डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना एका स्त्रीला विजेचे धक्के बसताना दाखविले गेले. ते धक्के वस्तुतः बनावट होते. पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. काहींना लवकर निघून जाण्याची मोकळीक होती, काहींना शेवटपर्यंत पाहावे लागणार होते. केवळ स्वतःची अस्वस्थता टाळायची असती, तर मोकळीक असलेले बहुतेक जण निघून गेले असते. ज्यांच्या मनात तिच्याविषयी सहानुभूती कमी होती, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तसेच केले. परंतु जिव्हाळा जागा झालेल्यांपैकी बहुसंख्यांनी, जाणे सोपे असूनही, तिच्या जागी धक्के सोसण्याची तयारी दाखविली. रॉबर्ट चाल्डिनी यांच्यासारख्या अभ्यासकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले आहेत आणि वाद संपलेला नाही. तथापि ‘सारे स्वार्थीच’ हे स्वयंसिद्ध सत्य नाही, एवढे निश्चित.

बौद्ध साहित्य या प्रश्नाला भोळेपणाने सामोरे जात नाही. कोसलराज प्रसेनजिताने राणी मल्लिकेला विचारले, तुला स्वतःहून अधिक प्रिय कोणी आहे काय? तिने प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर दिले. राजाने हे भगवान बुद्धांना सांगितले, तेव्हा त्यांनी राणीचा निषेध केला नाही. प्रत्येकाला आपला जीव असाच प्रिय आहे, म्हणून स्वतःवर प्रेम करणाऱ्याने दुसऱ्याची हिंसा करू नये, असा बोध त्यांनी दिला. स्वार्थवादी जेथे थांबतो, तेथून हा विचार पुढे जातो.

आपल्या शहरातील मिलिंद महाविद्यालय, जे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केले, ज्या राजाचे नाव धारण करते, त्यानेही नागसेनांना विचारले होते : भिक्षूंना देह प्रिय नाही, तर ते त्याची जोपासना का करतात? नागसेनांनी रणांगणावरील जखमेचा दाखला दिला. जखमेला मलम लावतात, पट्टी बांधतात, ते जखम प्रिय असते म्हणून नव्हे. स्वतःची काळजी घेणे आणि स्वार्थी असणे एक नव्हे.

अंगुत्तर निकायात माणसांचे चार प्रकार सांगितले आहेत : ना स्वहित ना परहित साधणारा, केवळ परहित साधणारा, केवळ स्वहित साधणारा आणि दोन्ही साधणारा. यांत चौथा श्रेष्ठ होय. विशेष म्हणजे, तेथे केवळ परहित साधणाऱ्यापेक्षा स्वहित साधणाऱ्यास वरचे स्थान आहे. कारण तेथील स्वहित म्हणजे लोभ, द्वेष व मोह यांपासून आपले चित्त मुक्त करणे. असे स्वहित परहिताच्या आड येत नाही; उलट त्याला बळ देते.

सारांश, देणाऱ्याच्या मनात कीर्तीची इच्छा असू शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. भिंतीवरील देणगीदारांच्या नावांची पाटी पाहून त्या दानाला ढोंग म्हणणे जितके उतावीळपणाचे, तितकेच त्याला संपूर्ण निष्काम मानणेही. विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या हेतूची झडती घेण्यापेक्षा आपल्या चित्तातील लोभ आणि करुणा यांचे प्रमाण पाहावे. दुसऱ्याच्या हेतूविषयी आपण केवळ अनुमान करू शकतो. आपल्या हेतूत मात्र बदल घडवू शकतो.

स्वाध्याय
१. ‘इच्छा माझी आहे’ आणि ‘इच्छा माझ्याविषयी आहे’ यांतील भेद स्वतःच्या दैनंदिन जीवनातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. नाव न लावता दिलेले दान नाव लावून दिलेल्या दानाहून नेहमीच श्रेष्ठ असते काय? दोन्ही बाजूंनी लिहा.
३. गेल्या आठवड्यात आपण कोणाला केलेली एक मदत आठवा. तीमागील सर्व हेतू प्रामाणिकपणे वहीत नोंदवा. ही नोंद कोणास दाखवू नये.